येणे बाकी

साताऱ्याच्या घराला रंग द्यायचा म्हणून गेल्या दिवाळीआधी माळ्यावरचे सामान खाली काढले, तेव्हा राज्यसेवेच्या जुन्या नोट्सच्या गठ्ठ्यात एक दोनशे पानी वही सापडली. पुठ्ठ्यावर बॉलपेनने ‘रूम’ एवढेच लिहिलेले होते. आईने रद्दीवाल्याला दारात थांबवून ठेवले होते, त्यामुळे मी ती वहीही नोट्सबरोबर तागडीत टाकणारच होतो. पण टाकता टाकता मधलेच एक पान उघडले. ‘डबा दोन, २४०० – बा.’ त्याखाली ‘चि. कॉट भाडे, ११०० – बा.’ आणि त्याच्याही खाली ‘खिळे, पुठ्ठे, काळा कपडा ६ मीटर, ३४० – बा.’ त्या पानावरच्या चौदा नोंदींपैकी अकरा नोंदींपुढे ‘बा.’ होते. नोट्स तेरा किलो भरल्या. वही मी ठेवून घेतली आणि रंगाचे काम मजुरांवर सोपवून दुपारभर ओट्यावर बसून ती पहिल्या पानापासून वाचली.

आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या वसतिगृहात मुलांना नावाने फारसे कोणी हाक मारत नसे. गाव हेच नाव. मी सातारा आणि माझा खोलीतला जोडीदार बार्शी. आमच्यातली तिसरी, आमची मैत्रीण, वसतिगृहात राहत नव्हती, पण एकांकिकेच्या गटात आल्यावर दुसऱ्याच दिवशी तिचेही चिपळूण झाले. आज तिघेही चाळिशीच्या उंबरठ्यावर आहोत, तरी एकमेकांच्या फोनमध्ये आम्ही गावांच्याच नावांनी आहोत. इथेही तीच नावे ठेवतो.

पुरुषोत्तम करंडक ही महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेची आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे, आणि पुण्यात शिकताना ज्यांनी कधी तालमीच्या हॉलमध्ये रात्र काढली आहे त्यांना तिच्याविषयी काही सांगावे लागत नाही. बाहेर सदाशिव पेठेतला पाऊस, आत भरत नाट्य मंदिरात ‘अरे आव्वाज कुणाचा’ या आरोळ्या, विंगेत उभे राहिल्यावर गुडघ्यांत भरणारी ती विशिष्ट हवा. २००८ साली आम्ही शेवटच्या वर्षाला होतो. एकांकिका चिपळूणने लिहिली होती, तिनेच बसवली होती. निवृत्तीच्या आदल्या दिवशी शेवटची फेरी करणाऱ्या एसटीच्या कंडक्टरची ती गोष्ट होती आणि एकवीस वर्षांचा बार्शी त्यात अठ्ठावन्न वर्षांचा कंडक्टर झाला होता. ना पांढरी दाढी, ना खोकला, ना वाकलेली कंबर. फक्त तिकीट पंच करताना तो अंगठा एक क्षण जास्त दाबून धरत असे, आणि तेवढ्यावर सगळे प्रेक्षागृह त्याला म्हातारा मानून चालत असे. मी अंधारात लेव्हल, म्हणजे रंगमंचावरचे लाकडी चौथरे, ढकलणाऱ्या चौघांपैकी एक होतो. अंतिम फेरीच्या यादीत आमचे नाव आले नाही. पण परीक्षकांपैकी एकांनी बाहेर पडताना बार्शीला थांबवून विचारले, “पुढे काय करणार आहात?” त्याने अतिशय आदराने सांगितले, “सर, कॅम्पसमध्ये सिलेक्ट झालोय.” त्यांनी मान हलवली आणि छत्री उघडली.

आमच्या घरांमध्ये त्या काळी ‘करिअर’ हा शब्द नव्हता आणि ‘स्वप्न’ हा शब्द फक्त झोपेशी जोडलेला होता. मुलगा नोकरीला ‘लागत’ असे, किंवा नाटकाच्या नादी ‘लागत’ असे. दोन्हीकडे क्रियापद तेच आहे, हे मला त्या वहीच्या निमित्ताने प्रथमच जाणवले. ‘लागणे’ या शब्दात माणूस आपण होऊन काही निवडतो असे कुठेच नाही. एखादी गोष्ट त्याला येऊन चिकटते, जशी ठेच लागते, भूक लागते, रोग लागतो. आमच्याविषयी पुढे मित्रमंडळींत जी गोष्ट रूढ झाली ती मात्र निवडीची होती. बार्शीने पगार निवडला, चिपळूणने नाटक निवडले, साताऱ्याने स्पर्धा परीक्षा निवडली, अशी. वर्गमित्रांच्या मेळाव्यात कोणी ना कोणी ती सांगतेच, आणि सांगताना चिपळूणच्या धाडसाचे कौतुक करून बार्शीकडे किंचित सहानुभूतीने पाहते. मीही कित्येक वर्षे तशीच सांगत आलो. वहीत ती गोष्ट सापडत नाही.

वहीत सापडतो तो २००९ सालचा सप्टेंबर. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेतल्या बँका कोसळल्या होत्या, जानेवारीत सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीतल्या घोटाळ्याचे प्रकरण बाहेर आले होते, आणि कॅम्पसमध्ये हातात पडलेल्या नेमणूकपत्रांवरच्या रुजू होण्याच्या तारखा पुढे सरकू लागल्या होत्या. माझ्या पत्राची तारीख आधी जुलै झाली, मग ऑक्टोबर, मग ‘पुढील सूचनेपर्यंत’. बार्शीच्या कंपनीने त्याला ऑगस्टमध्येच घेतले. चिपळूणने मुलाखतीच दिल्या नव्हत्या. नव्या पेठेत पत्र्या मारुतीच्या मागे एका वाड्यात वरच्या मजल्यावर साडेचार हजार रुपये भाड्याची एक खोली आम्ही दोघांनी घेतली, आणि दोन गल्ल्या सोडून चिपळूण एका काकूंकडे कॉट बेसिसवर राहू लागली. एका खोलीत चार कॉट, कपाटाचा एक कप्पा, आणि रात्री दहानंतर दार बंद. तालीम दहाच्या पुढे गेली की ती कुठल्या तरी मैत्रिणीकडे जात असे. काकूंना ती कुठल्याशा कंपनीत दुसऱ्या पाळीला आहे असे सांगितलेले होते, आणि त्या कंपनीचे नाव आम्ही तिघांनी मिळून ठरवले होते.

बार्शीच्या हातात तेव्हा अठरा हजार पडत. त्यांतले चार हजार तीनशे शैक्षणिक कर्जाच्या हप्त्याला जात, सहा हजार घरी. वडिलांची सहा एकर कोरडवाहू जमीन होती, ज्वारी आणि तूर. धाकट्या बहिणीचे लग्न व्हायचे होते. उरलेल्या साडेसात-आठ हजारांत भाडे, डबे, माझे अभ्यासिकेचे पाचशे, चिपळूणचे कॉटचे भाडे अडले तर ते, आणि तिच्या प्रयोगांचे खिळे-पुठ्ठे. महिना कसा भागत असे, ते वहीत पंचवीस तारखेनंतरच्या पानांवर दिसते. तिथे रकमा दहा-दहा, पंधरा-पंधरा रुपयांवर येतात आणि डब्याच्या जागी ‘पोहे’ दिसू लागतात.

आणि मी? जॉइनिंगची वाट पाहता पाहता वेळ जावा म्हणून मी शेजारच्या अभ्यासिकेत बसू लागलो, आणि फेब्रुवारीत नेमणूकपत्र खरोखरच आले तेव्हा मी ते नाकारले. वडील साखर कारखान्यात टाइमकीपर होते. त्यांना फोनवर सांगितले तेव्हा ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “तहसीलदार होणार असशील तर थांब. काय लागेल ते मागव.” त्या दिवसापासून पुढची पावणेचार वर्षे मी जे केले त्याला आमच्या सबंध भावकीत कोणी नाद म्हटले नाही. काही शे जागांसाठी काही लाख अर्ज येतात, हे सर्वांना माहीत होते. पहाटे सहाला अभ्यासिकेतली जागा धरायची, अकराला चहा, रात्री अकराला खोलीवर. पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा, मुलाखत, आणि तीनपैकी कुठल्याही पायरीवर घसरले की पुन्हा पहिल्या पायरीपासून. २०१२ मध्ये आयोगाने मुख्य परीक्षा वस्तुनिष्ठ केली, वैकल्पिक विषय गेले, आणि मी दोन वर्षे काढलेल्या इतिहासाच्या नोट्स एका अधिसूचनेत निरुपयोगी झाल्या. पुढच्या वर्षी पूर्वपरीक्षेत सीसॅट हा कल तपासणारा पेपर आला. (रद्दीत तेरा किलो भरल्या त्या याच नोट्स.) नाटकात निदान प्रयोग होतो, पन्नास माणसे का होईना, येऊन बसतात, आणि दुसऱ्या दिवशी आपण काय केले हे आपल्याला ठाऊक असते. माझ्या परीक्षेत चार वर्षांनंतर हाताला काय लागले, तर तीन गुणांनी हुकलेली एक मुख्य परीक्षा. तरीही धोका पत्करणारी ती आणि सुरक्षित मार्गाने जाणारा मी, अशी वाटणी झालेली होती. जुगाराच्या शेवटी सरकारी खुर्ची असेल तर त्याला जुगार न म्हणण्याची आपली पद्धत आहे. २०१६ मध्ये खुल्या गटाची वयोमर्यादा तेहेतीसवरून अडतीस झाली तेव्हा मी बँकेत लागून दोन वर्षे झाली होती. अभ्यासिकेतल्या जुन्या सोबत्यांचे आनंदाचे फोन आले, आणि आपण वेळेत सुटलो या जाणिवेने मला अपराधी वाटले.

त्या काळात आमच्या खोलीवर एक वाद दर आठवड्याला होत असे, आणि त्यात डॉक्टर लागू हमखास येत. श्रीराम लागू नाक-कान-घशाचे शल्यविशारद होते आणि १९६९ मध्ये, बेचाळिशीत, वैद्यकी सोडून ते पूर्ण वेळ रंगभूमीवर आले. चिपळूण हे उदाहरण सोडण्याच्या बाजूने देत असे. बार्शीची मावशी पुण्यात राहत होती, ती तेच उदाहरण उलट्या बाजूने देत असे, “आधी डॉक्टर झाले, मग सोडलं.” मला वाटते मावशीचे म्हणणे अधिक खरे होते, पण त्याहून महत्त्वाची गोष्ट त्या वादात कोणीच बोलत नसे. आम्ही ज्या पुणेरी प्रायोगिक रंगभूमीच्या नावाने उसासे टाकत होतो, ती बहुतांशी नोकरी-व्यवसाय सांभाळून उभी राहिलेली होती. जब्बार पटेल दौंडला बालरोगतज्ज्ञ म्हणून दवाखाना चालवत होते. मोहन आगाशे बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार शिकवत होते, आणि सतीश आळेकर त्याच महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र विभागात होते. १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी स्थापन करून पुढे परदेशापर्यंत नाटक नेणारी ही माणसे दिवसा पगाराच्या किंवा व्यवसायाच्या कामावर जात आणि संध्याकाळी तालमीला येत.

मग बार्शीला तसे का जमले नाही? हा प्रश्न मी त्याला पहिल्या वर्षीच विचारला होता, थोडा टोचूनच. त्याने उत्तर दिले नाही. शर्टाच्या खिशातून कंपनीच्या बसचे वेळापत्रक काढून माझ्यासमोर ठेवले. सकाळी साडेसातला निघणे, हिंजवडीला पोहोचायला दीड तास, आणि परतीची पहिली बस सहाची असली तरी अमेरिकेतला ग्राहक संध्याकाळी सात वाजता जागा होतो. तो दहाच्या आत क्वचितच घरी येई. आधीच्या पिढीला स्थैर्याबरोबर एक वस्तू फुकट मिळत होती आणि ती म्हणजे संध्याकाळ. आमच्या पिढीला स्थैर्य जास्त पगारात मिळाले, पण संध्याकाळ त्यातून वजा झाली. ‘नोकरी सांभाळून कर की’ हे वाक्य आजही घरोघरी वडीलधारी माणसे सांगतात, आणि ते सांगताना त्यांच्या डोळ्यांसमोर पाच वाजता टपाल कचेरीचे दार ओढून घेणारा माणूस असतो. स्वप्न आणि स्थैर्य यांचे भांडण आहे असे आपण म्हणतो, पण मला ते भांडण फार वेळा सात ते दहा या तीन तासांचेच वाटते.

तरीही बार्शीला मी हुतात्मा करणार नाही, कारण त्यानेच ती संधी मला दिली नाही. २०११ च्या उन्हाळ्यात चिपळूणने सुदर्शन रंगमंचावर एक दीर्घांक केला. त्यात बार्शीसाठी लिहिलेली भूमिका दुसऱ्याच मुलाने केली आणि त्याने ती बरी केली. प्रयोगानंतर शनिवारवाड्याच्या बाजूला भुर्जीच्या गाडीवर उभे असताना मी सहानुभूतीने काहीतरी बोललो, तेव्हा बार्शी म्हणाला, “तुम्हाला वाटतं मी घरासाठी सोडलं. जॉइनिंग लेटर आलं त्या दिवशी मला सुटल्यासारखं वाटलं होतं रे. त्या परीक्षकांनी विचारलं तेव्हापासून पोटात गोळा होता. एकदा चांगलं केलं म्हणजे पुन्हा करता येईल असं थोडंच असतं? आता तपासायची गरज नाही.” मग त्याने आणखी एक पाव मागितला. घरची जबाबदारी खरी होती आणि ही भीतीही तितकीच खरी होती. त्यांतले पहिले कोणते, हे त्यालाही सांगता आले नसते. जबाबदारी दाखवता येते म्हणून भीतीला तिच्या आड उभे राहता येते. हे मला बँकेत अठ्ठावीस-तिशीच्या मुलांचे कर्जअर्ज तपासताना पुढे अनेकदा दिसले, आणि आरशातही दिसले.

पुढच्या वर्षी पाऊस पडला नाही. २०१२-१३ चा दुष्काळ सोलापूर जिल्ह्याने कसा काढला, ते तिथल्या चारा छावण्यांमध्ये राहिलेल्या माणसांनी सांगावे. मी फक्त वहीत पाहतो आहे. नोव्हेंबरपासून वहीतल्या नोंदींपुढचा ‘बा.’ विरळ होत जातो. त्याचा जवळजवळ सगळा पगार गावी जाऊ लागला, कडब्याला आणि टँकरला. तूर गेली होती, बहिणीचे लग्न एक वर्ष पुढे ढकलले होते. त्या हिवाळ्यात प्रथमच पानांवर ‘चि.’ हे अक्षर पैसे देणाऱ्याच्या जागी दिसते. तिला मुंबईत एका दैनंदिन मालिकेच्या संवादलेखनाचे काम मिळाले होते. एका भागाचे ठरलेले पैसे, तेही भाग प्रसारित झाल्यानंतर नव्वद दिवसांनी. ती दर सोमवारी पहाटेच्या गाडीने मुंबईला जाई आणि गुरुवारी परत येई. सासूने सुनेच्या दुधात काय घातले, हे लिहायला आपण चार वर्षे उपाशी राहिलो का, असे तिने एकदा विचारले. बार्शीने तिला शांतपणे विचारले, “कोण उपाशी राहिलं?” ती गप्प झाली, आणि मीही.

तिचे हे गप्प होणे महत्त्वाचे आहे, कारण पुढे तिनेच एकदा हा हिशेब उघडा केला. तिचे आई-वडील दोघेही माध्यमिक शाळेत शिक्षक, आणि दोघेही १ नोव्हेंबर २००५ च्या कितीतरी आधी नोकरीला लागलेले. म्हणजे ज्यांना जुनी पेन्शन आहे अशांपैकी. घर स्वतःचे, कर्ज नाही, ती एकुलती एक. वडील तिच्याशी दोन वर्षे नीट बोलत नव्हते आणि त्याचे तिला फार दुःख होते. पण त्यांना तिच्या पैशांची गरज कधीही पडणार नव्हती. “माझं धाडस बाबांच्या पेन्शनवर चाललं आणि बार्शीच्या पगारावर,” असे ती म्हणाली. “माझं त्यात नाटक होतं फक्त.” हे वाक्य मला तिच्या कुठल्याही संवादापेक्षा चांगले वाटते. कोणाच्या घरात किती वर्षे थांबण्याची ऐपत आहे, यावर आमच्या तथाकथित निवडी आधीच ठरलेल्या होत्या. माझ्या वडिलांची ऐपत पावणेचार वर्षांची निघाली. २०१३ मध्ये त्यांचे गुडघ्याचे दुखणे वाढले आणि मी बँकांच्या सामाईक परीक्षेला बसलो. चिपळूणच्या घरची ऐपत जवळजवळ अमर्याद होती. बार्शीच्या घरची ऐपत एका पावसाळ्याची होती. इच्छा, गुण, कष्ट हे सगळे खरे आहे, पण त्याचा विचार करायची पाळी या ऐपतीनंतर येते, आणि मेळाव्यांमध्ये तिच्याविषयी कोणी बोलत नाही, कारण त्यात कौतुक करण्यासारखे किंवा हळहळण्यासारखे फारसे काही नसते.

अर्थात पेन्शनचे घरसुद्धा वाहून जाते. मार्च २०२० मध्ये नाट्यगृहे बंद झाली, चित्रीकरणे थांबली, वाहिन्यांवर जुने भाग दिसू लागले, आणि चिपळूणची नव्वद दिवसांची उधारी किती दिवसांची झाली ते तिलाच माहीत. तेव्हा ती मुंबईत भाड्याच्या घरात होती. भाडे कोणी भरले, हे मला तिने सांगितले नाही आणि त्यानेही नाही. कोणी भरले असेल, हे मला विचारावे लागले नाही. पुढच्या वर्षी २२ जुलैला वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले. तिच्या घराचा तळमजला पाण्याखाली गेला, आणि कपाटातल्या तिच्या जुन्या एकांकिकांच्या वह्या, त्यात ती कंडक्टरचीही, लगदा होऊन बाहेर आल्या. तिचे वडील पहिल्यांदा रडले ते त्या वह्या उन्हात घालताना. तिसऱ्या दिवशी बार्शी पुण्याहून गाडीत पाण्याचे कॅन, ब्लिचिंग पावडर, फावडी आणि रबरी बूट भरून गेला आणि चार दिवस चिखल उपसत राहिला. नाट्यगृहे पुन्हा उघडली ती २२ ऑक्टोबरला. त्या पहिल्या आठवड्यात तिने पुण्यात प्रयोग लावला. निम्म्याच खुर्च्यांची परवानगी होती आणि त्याही भरल्या नाहीत.

तर, वही. रंगकाम संपल्यावर मी ती पुण्याला नेली आणि दोघांना नव्या पेठेत बोलावले. वाड्याच्या जागी आता सहा मजली इमारत आहे आणि तळमजल्यावर अभ्यासिका. मुलांचे तेच चेहरे, तेच पाण्याच्या बाटल्यांनी धरलेले टेबल. कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात बसलो. चिपळूण अर्धा तास पान उलटवत राहिली, ‘काळा कपडा ६ मीटर’ला हसली, मग फोनमधला कॅल्क्युलेटर काढून तिने बेरीज सुरू केली. तिने वजाबाक्याही प्रामाणिकपणे केल्या. मालिकेच्या दिवसांत तिने दिलेले सगळे वळते केले. एकेचाळीस हजार तीनशे साठ रुपये निघाले. ती म्हणाली, “आत्ता पाठवते. व्याज लावत नाही, कारण तू घेणार नाहीस.”

“मुद्दलही घेणार नाही,” बार्शी म्हणाला.

ती चिडली. आता तिचे बरे चालले आहे, दोन मालिकांचे काम आहे, हे उपकार आहेत का, तिला हे ओझे नको आहे, असे ती बरेच बोलली, आणि तिचे बरोबर होते. २०१४ मध्ये बँकेच्या पगारातून मी माझ्या नावावरची रक्कम याच माणसाला आणून दिली होती, तेव्हा त्याने ती निमूटपणे घेतली होती, मोजून घेतली होती. मी त्याला तशी आठवण करून दिली.

“तुझे परीक्षेचे होते,” तो म्हणाला. “ते फिटले. हिचे खिळे आणि पुठ्ठे आहेत. हे फेडलेस तर मी तुमच्या नाटकात कुठे होतो, ते कुठे लिहिलेलं राहील?”

चहा गार होत होता. शेजारच्या बाकावर दोन मुले एकमेकांना राज्यघटनेतली कलमे विचारत होती. एकाने चुकीचे उत्तर दिले आणि मी सवयीने ते मनात दुरुस्त केले. चिपळूणने कॅल्क्युलेटर बंद केला. थोड्या वेळाने तिने पिशवीतून टाचलेल्या कागदांचा एक गठ्ठा काढून बार्शीपुढे सरकवला. पूर्वी तिने हे अनेकदा केले होते आणि त्याने दरवेळी हसून परत केले होते. या वेळी त्याने पहिले पान वाचले, दुसरे वाचले, आणि विचारले, “तालमी किती वाजता?” तिने सात म्हटले. त्याने फोनमधली दिनदर्शिका उघडली आणि बराच वेळ वरखाली केली. “मंगळवार, गुरुवार नाही जमणार,” तो म्हणाला. “बाकी बघू.” ‘बघू’ म्हणजे काय, हे आम्हा दोघांनाही विचारावेसे वाटले नाही.

निघताना चहाचे पैसे चिपळूणने दिले. बार्शीने माझ्या खिशातले पेन काढून घेतले, वही उघडली, शेवटच्या नोंदीखाली एक ओळ सोडली आणि तारीख घालून लिहिले: ‘चहा तीन, ३६ – चि.’